‘पोट्टा आपल्याच नादात राहते’

नागपूर-हैदराबाद रस्त्याने पांढरकवडा मागे टाकून पैनगंगेचा पूल ओलांडला की दुकानांच्या पाट्या तेलुगू होतात. माणसे मात्र लगेच बदलत नाहीत. आमच्या आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापसाची गाडी घेऊन आलेला शेतकरी अडत्याशी मराठीत भांडतो, चहावाल्याशी दखनी उर्दूत हसतो, बँकेच्या खिडकीशी तेलुगूत बोलतो आणि गाडीवर बसलेल्या सोबत्याला गोंडीत हाक मारतो. २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले, पण भाषांची ही वीण काही सुटली नाही. आम्हा सीमेवरच्या लोकांना तिचा अभिमान आहे आणि तो असावाही.

या विणीत कधी कधी एखादे लहान मूल मात्र दिसेनासे होते. आज त्याविषयी लिहायचे आहे.

मी इथल्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांचे शिबिर, सर्वेक्षण, कुणाच्या घरचे लग्न अशा या ना त्या निमित्ताने जिल्ह्यातले रस्ते तुडवणे होते. गेल्या हिवाळ्यात तीन वाटांनी जाणे झाले आणि तिन्ही वाटांवर एकच प्रश्न समोर आला. आपले मूल इतरांसारखे नाही, हे आईबाप कधी सांगतात, कुणाला सांगतात आणि कोणत्या शब्दांत सांगतात?

हे वेगळेपण म्हणजे ज्याला डॉक्टर ऑटिझम म्हणतात ते. मराठीत त्याला स्वमग्नता हा शब्द रुळला आहे. मेंदूच्या वाढीतला हा लहानपणापासूनचा वेगळेपणा आहे. माणसांशी देवाणघेवाण अवघड जाते, बोलणे उशिरा किंवा निराळ्या पद्धतीने येते, एकच कृती पुन्हा पुन्हा करावीशी वाटते, आवाज किंवा स्पर्श फार तीव्र जाणवतो. कुणात हे थोडे, कुणात फार. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या नोंदींवरून त्याचे सविस्तर वर्णन केले. रक्त तपासून हे कळत नाही. मुलाला पाहून आणि आईबापांना विचारून कळते. म्हणजे निदानाचा मोठा भार घरच्यांच्या सांगण्यावर असतो आणि सांगण्याची रीत तर दर कोसाला बदलते.

बेल्याची वाट

आदिलाबादहून आधी जैनथ, पुढे बेला. जैनथचे नारायणाचे जुने दगडी देऊळ मागे पडले की दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर. या पट्ट्यात घरोघर मराठी बोलतात. पैनगंगेच्या अलीकडे सासर आणि पलीकडे माहेर, अशा लेकीसुना इथे पुष्कळ.

इथल्या एका गावात विद्यार्थ्यांसोबत मी अंगणवाडीत बसले होते. ताईंच्या हातात प्रश्नांचा एक कागद होता. अशा कागदांचा मूळ नमुना अमेरिकेतला. एम-चॅट नावाची प्रश्नावली तिथे २००१ मध्ये आली आणि २०१४ मध्ये सुधारून २० प्रश्नांची झाली. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलाविषयी घरच्यांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगायचे. तिची कितीतरी भाषांत भाषांतरे झाली आहेत. ताईंचा कागदही त्याच वळणाचा होता. समोर सव्वादोन वर्षांचा एक मुलगा, त्याची आजी आणि दाराआड उभी असलेली आई.

“नाव घेतल्यावर बघतो का?” ताईंनी विचारले.

“बघते ना,” आजी म्हणाली. “पण कागदावरचं नाव त्याला कुठं माहीत? मी बाळ्या म्हणते, आजोबा सोन्या म्हणते, माय राजा म्हणते.”

“नजरेला नजर देतो?”

“मोठ्यांपुढं मान खाली. लय गुणाचं लेकरू हाय.”

“बोटानं दाखवून काही मागतो?”

“मागायची पाळीच येऊ देत नाही आम्ही. रडायच्या आधी दूध पुढ्यात राहते.”

“बोलतो का?”

“बोलल की. याचा बापही तीन वर्षांनी बोलला. अन् घरात मराठी, गल्लीत उर्दू, टीव्हीवर तेलुगू. पोट्टं बिचारं कोणती भाषा बोलल?”

प्रत्येक उत्तराला पटेल असे कारण होते. ताईंनी खुणा केल्या आणि कागद घडी करून ठेवला. आम्ही निघालो तेव्हा आई ओसरीच्या पायरीपर्यंत आली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, पोट्टा आपल्याच नादात राहते. मी वावरातून आली तरी धावत येत नाही. माय आली काय अन् गेली काय, त्याले सारखंच.”

प्रश्न विचारले जात होते तेव्हा ती दाराआड होती. त्यामुळे हे वाक्य कागदावर कुठेच उतरले नाही.

वाचकहो, आजी खोटे बोलत नव्हती आणि अडाणीही नव्हती. तिच्या घरात चांगल्या मुलाची जी व्याख्या आहे, तिच्यातून ती उत्तरे देत होती. मोठ्यांच्या डोळ्याला डोळा न देणे हे आपल्याकडे वळण समजले जाते. एकत्र कुटुंबात चार हात मुलाची गरज आधीच ओळखतात, तेव्हा मूल मागत नाही हे ध्यानात यायला उशीर लागतो. एकटे, शांत बसलेले मूल म्हणजे कामाच्या घरात देवाची कृपाच. आणि मुलगे उशिरा बोलतात हा दिलासा तर आपल्या प्रत्येक घरात पिढ्यान्पिढ्या तयार असतो.

भाषांच्या गोंधळाचे कारण आमच्या जिल्ह्यात विशेष चालते, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहिते. दोन-तीन भाषा कानांवर पडल्याने स्वमग्नता येत नाही. अशा घरातली मुले कधी शब्दांची सरमिसळ करतात, पण त्यांचे पहिले शब्द साधारण त्याच वयात येतात. स्वमग्न मुलाचेही घरच्या दोन भाषांनी नुकसान होत नाही, असे अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणून ‘आधी मराठी बंद करा’ हा सल्ला कुणी दिला तरी आईने मुलाशी बोलायची आपली भाषा सोडू नये. आणि दोन वर्षांचे मूल कोणत्याच भाषेत दोन शब्द जोडत नसेल, तर भाषा किती आहेत हे मोजत बसू नये.

त्या आईचे वाक्य मला एका अभ्यासाशी जोडता आले. टमारा डेली या अमेरिकी संशोधिकेने भारतातल्या शहरांमधील स्वमग्न मुलांच्या ९५ कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या आणि २००४ मध्ये त्यावर लिहिले. मुलात काहीतरी वेगळे आहे हे भारतीय आईबापांच्या लक्षात अमेरिकी आईबापांपेक्षा सहा ते दहा महिने उशिरा आले होते. पण त्यांच्या लक्षात आधी काय आले, हे अधिक महत्त्वाचे आहे. अमेरिकेत आईबाप बहुधा भाषेची किंवा एकूण वाढीची तक्रार घेऊन येतात. इथल्या आईबापांना आधी खटकले ते मुलाचे माणसांत न मिसळणे.

म्हणजे आपल्या लोकांची नजर कमी नाही, ती दुसरीकडे लागलेली आहे. आपण मुलाला आधी माणसांत बघतो, शब्द नंतर मोजतो. स्वमग्नतेचे मूळच माणसांशी होणाऱ्या देवाणघेवाणीत असल्याने ही नजर योग्य ठिकाणीच आहे. अडचण इतकीच की ‘धावत येत नाही’ ही तक्रार घेऊन कुणी दवाखान्यात जात नाही आणि गेलेच तर ती तक्रार म्हणून लिहून घेतली जात नाही. ‘बोलत नाही’ म्हटल्यावरच कागद हलतो. तोवर सहा महिने, वर्ष निघून जाते. दोन वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात वर्ष म्हणजे अर्धे आयुष्य.

नदीपलीकडचे माहेर

याच वाटेवर आणखी एक गोष्ट लक्षात आली. सूनबाईला सासरी विचारले तर ती सासूकडे बघते. तीच मुलगी दिवाळीला पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात माहेरी गेली की आईजवळ, बहिणीजवळ सगळे बोलते. मूल तिथल्या भाच्यांसोबत अंगणात सोडले की फरकही उघड दिसतो. सासरी घरात एकच लेकरू असेल तर तुलना कशाशी करणार? सासरच्या घराण्याला बोल लागू नये म्हणून गप्प राहणारी आई माहेरी गप्प राहत नाही.

घराण्याची ही भीती केवळ आपली नाही. दक्षिण कोरियात इल्सान भागातील ७ ते १२ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. २०११ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा सुमारे ३८ मुलांमागे एक स्वमग्न निघाले आणि त्यांतली दोन तृतीयांश मुले साध्या शाळेत, कुठलीही नोंद नसलेली अशी होती. या पाहणीत असलेले मानववंशशास्त्रज्ञ रॉय रिचर्ड ग्रिंकर यांनी तिथल्या आयांविषयी लिहिले आहे. ऑटिझम म्हटले तर घराण्याच्या रक्तात खोट आली, मग भावंडांची लग्ने अडतात. त्यापेक्षा आईच्या मायेत कमी पडले असे निदान पत्करलेले बरे, असे तिथल्या काही आयांना वाटे. आपल्या बहिणीचे स्थळ मोडेल म्हणून भावाचे दुखणे झाकणारी घरे काय फक्त कोरियात आहेत?

आणि आईच्या मायेवर ठपका ठेवण्यात शिकलेली अमेरिकाही मागे नव्हती. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये पुस्तक लिहून थंड मनाच्या आईमुळे मूल असे होते, हा समज घरोघर पोचवला. तो पुढे साफ चुकीचा ठरला. आज आमच्या गावांत मोबाइलला आणि मोबाइल देणाऱ्या आईला दोष दिला जातो. लहान मुलाच्या हाती मोबाइल देऊ नये हे खरेच, पण म्हणून आईला आरोपी करण्याचे कारण नाही.

केसलापूरची वाट

दुसरी वाट गुडीहत्नूरवरून इंद्रवेल्लीकडे. पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळातले लोक पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, देवाला त्याचा अभिषेक होतो, कुळात आलेल्या नव्या सुनांची देवापुढे ओळख करून दिली जाते. सारे गोत एका जागी. त्या ढोल-वाद्यांच्या गजरात एका बैलगाडीखाली सहा-सात वर्षांचा मुलगा दोन्ही कानांवर हात दाबून बसलेला दिसला. त्याची आई शेजारी चूल मांडत होती. माझी एक गोंड विद्यार्थिनी सोबत होती, तिने गोंडीत विचारले.

मुलगा बोलत नाही, हे आईने सांगितलेच नाही. तिने सांगितले ते असे: हा प्रत्येक बैल ओळखतो, कोणता कुणाचा ते सांगतो, पण गोतात येऊन बसत नाही. लग्नात, जत्रेत, कुठेच नाही. पुढे याचे कसे होईल?

बेल्याकडची आई म्हणाली, माझ्याकडे धावत येत नाही. ही म्हणाली, गोतात बसत नाही. जिथे माणूस कुळाने ओळखला जातो तिथे काळजीही कुळाच्या शब्दांत येते. तिला ‘नजरेला नजर देतो का’ विचारून फारसे काही हाती लागले नसते. केनियातल्या गुसी लोकांत रॉबर्ट लव्हाइन यांनी पुष्कळ वर्षे काम केले. तिथल्या आया तान्ह्या बाळाला कडेवर घेतात, रडू लागले की तत्परतेने शांत करतात, पण त्याच्या डोळ्यांत बघत बोलत बसत नाहीत. तशी रीतच नाही. नजरेचे मोल सगळीकडे सारखे नसते.

या मुलखात प्रश्न विचारण्याआधी भाषा शिकण्याची परंपरा आहे, हे इथे आठवते. क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ १९४०च्या दशकात मारलावाईला गोंडांमध्ये राहिले. आपले सेतुमाधवराव पगडी निजामाच्या नोकरीत असताना इथे गोंडी शिकले आणि त्यांनी त्या भाषेचे व्याकरणही लिहिले. अंगणवाडीच्या कागदाला व्याकरण नको, पण गोंडीत चार प्रश्न तरी हवेत.

सिकंदराबादची वाट

तिसरी वाट लांबची, तीनशे किलोमीटरची. सिकंदराबादला बौद्धिक अक्षमतेवर काम करणारी राष्ट्रीय संस्था १९८४ पासून आहे. भारतातल्या मुलांसाठी स्वमग्नतेची मोजपट्टी तयार करण्याचे काम या संस्थेत झाले आणि २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यात ४० मुद्दे आहेत. आईबापांशी बोलून आणि मुलाला पाहून प्रत्येकाला गुण द्यायचे असतात. सरकारने २०१६ मध्ये अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ती स्वीकारली. परदेशी चाचण्यांपेक्षा ती आपल्याला जवळची. एका नावाजलेल्या परदेशी चाचणीत बाहुलीचा वाढदिवस करून केक-मेणबत्तीचा खेळ मांडतात. ज्या घरात आजवर केक आला नाही, तिथल्या मुलाने तो खेळ ओळखला नाही तर त्यातून काय समजायचे?

पण मोजपट्टी देशी असली तरी बोलणे कुठल्या भाषेत होते, हा प्रश्न उरतोच. हैदराबादच्या बसमध्ये शेजारच्या आसनावर आमच्याच भागातले एक जोडपे पाच वर्षांच्या मुलाला घेऊन बसले होते. वडील सांगू लागले, “पोळ्याला लाकडाचा बैल घेऊन दिला. बाकीची पोरं दोरी धरून वढत होती. यानं बैल उलटा केला अन् चाकंच फिरवत बसला, दिवसभर. आम्हाला वाटलं, मेकॅनिक होते पोरगा.” आधीच्या एका दवाखान्यात काय झाले, तेही त्यांनी सांगितले. “डॉक्टरनं तेलुगूत विचारलं, मी हिंदीत सांगितलं. खरं काय ते हिलेच माहीत होतं, पण हिले मराठीशिवाय येत नाही. हिले कुणी विचारलंच नाही.”

मुलाचा दिवस ज्या भाषेत जातो त्या भाषेत विचारले गेले नाही, तर आईचे डोळे फुकट जातात.

मग विचारायचे कसे?

आपल्या घरात याच्या चाचण्या पूर्वीपासून आहेत, फक्त आपण त्यांना चाचणी म्हणत नाही. घास भरवताना आई म्हणते, तो बघ काऊ, ती बघ चिऊ. रात्री अंगणात चांदोमामा दाखवते. मूल बोटाच्या दिशेने बघते का? आणि पुढे स्वतः बोट दाखवून, आईच्या तोंडाकडे बघून, ‘तूही बघ’ असे सुचवते का? परदेशी कागदावर आभाळातले विमान विचारतात; आपला काऊ तेच काम करतो. भातुकलीत खोटा चहा देते का? आईने तोंडावर पदर घेऊन कुक् केले की पुन्हा कर म्हणून हट्ट धरते का? लाडाच्या कुठल्याही नावाने हाक मारल्यावर वळते का? वर्ष-दीड वर्षाच्या मुलात हे दिसायला हवे. एखादे नसेल तर घाबरू नये, पण यातले बरेचसे नसेल तर थांबू नये. आणि आलेले शब्द, आलेले हसू गेले, तर मुळीच थांबू नये.

अंगणवाडीतल्या ताईंना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. ‘हो की नाही’ असे विचारू नका. पाहुण्यापुढे आपले लोक ‘हो’च म्हणतात. ‘काल संध्याकाळी तुम्ही घरी आलात तेव्हा त्याने काय केले, ते सांगा’ असे विचारा. आजीचे ऐका, पण आईला एकदा एकटीला विचारा. माहेराहून आल्यावर पुन्हा विचारा. आणि ‘नादात राहते’, ‘हट्टी आहे’, ‘जनावरांत रमते’, ‘आवाजाला भिते’ हे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. ती आईने दिलेली माहितीच आहे.

पुढची वाट अगदी बंद नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि गरज असेल तर त्यांना जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवले जाते. २०१६ च्या कायद्यातील २१ अपंगत्वांत स्वमग्नता स्वतंत्रपणे आहे. अपंगत्वाचे यूडीआयडी कार्ड देशभर चालते, ही गोष्ट सासर-माहेर दोन राज्यांत असलेल्या आमच्या लोकांनी ध्यानात ठेवावी. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. स्वमग्नता घालवणारे औषध नाही. ते आहे म्हणून पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. लवकर सुरू केलेला खेळ, बोलण्याचा सराव आणि घरच्यांचे प्रशिक्षण यांनी मूल आपल्या गतीने पुष्कळ पुढे जाते.

न्यूझीलंडच्या माओरी भाषेत ऑटिझमला शब्द नव्हता. २०१७ मध्ये केरी ओपाय यांनी ‘ताकिवातांगा’ असा शब्द योजला. त्याचा अर्थ साधारण ‘आपल्या स्वतःच्या वेळेत आणि जागेत’ असा आहे. बेल्याच्या वाटेवरची ती आई ‘आपल्याच नादात’ म्हणाली, तेव्हा ती फार निराळे काही सांगत नव्हती. तिच्या मुलाला आम्ही पुढच्याच आठवड्यात तपासणीच्या यादीत घालून घेतले. नाव लिहिताना ताईंनी विचारले, “तक्रार काय लिहू?” मी म्हटले, आई म्हणाली तेच लिहा.